इडिटारॉड: सहा तासांच्या थांब्यात आधी काय, नंतर काय?

हिमरेघ: अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजच्या (बर्फावरच्या घसरगाडीच्या) शर्यतीत सहा तास पळायचं, सहा तास थांबायचं, असं ढोबळ वेळापत्रक सगळीकडे सांगतात. तरी मशरला (स्लेज हाकणाऱ्याला) झोप मिळते जेमतेम दीड-दोन तास. बाकीचा वेळ जातो कुठे? आणि थांबल्याबरोबर कुत्र्यांचे कापडी बूट काढायचे की आधी खायला घालायचं?

उत्तरवारा: वेळ खातं ते पाणी. पण पाण्याआधी बूट.

स्नो हुक (स्लेज अडवून धरणारा आकडा) रोवा, लीडरची (सर्वांत पुढच्या कुत्र्यांची) बाजूही बांधा. टगलाइन (स्लेज ओढायची दोरी) सोडा, नेकलाइन (गळपट्ट्याची दोरी) राहू द्या; म्हणजे कुत्र्याला अंगाचं मुटकुळं करून झोपता येतं. लगेच बूट काढा. वेल्क्रोच्या पट्टीने रक्तप्रवाह अडतो, मनगट सुजतं. 14 कुत्रे म्हणजे 56 बूट! मग पेंढा पसरा आणि कुकर (बर्फ वितळवायची मिथेनॉलची शेगडी) पेटवा.

नियमानुसार भांड्यात किमान 3 गॅलन, म्हणजे साधारण 11 लिटर पाणी उकळता आलं पाहिजे. भुसभुशीत बर्फ भांडंभर घेतला तरी पाणी होतं दोन-तीन बोटं, म्हणून सतत भर घालावी लागते. तळाला आधी थोडं पाणी ओता, नाहीतर तळ तापून पाण्याला करपट वास लागतो. मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, तेव्हा विझली असं समजून वरून इंधन ओतायचं नाही.

पेंढ्याची_गादी: क्रमात एक भर. पेंढ्याच्याही आधी प्रत्येकाला गोठलेल्या माशाचा किंवा चरबीचा तुकडा टाका. हा खाऊ कमी, तपासणी जास्त: नेहमी झडप घालणारं कुत्रं तोंड फिरवत असेल, तर काहीतरी बिनसलंय.

थंडीत साधं पाणी बरेच कुत्रे पीत नाहीत. मांसाचं पातळ सूप केलं की लपालपा पितात. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला 10,000 कॅलरींच्या आसपास लागतात, त्यामुळे कोरडं खाद्य, मांस आणि चरबी गरम पाण्यात भिजवूनच द्या. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. सावकाश बसली किंवा हिरड्या चिकट लागल्या, तर पाणी कमी पडतंय.

हिमरेघ: आणि पंजे?

उत्तरवारा: जेवण झाल्यावर, कुत्रे आडवे पडले की. बोटांच्या बेचक्यात चिरा शोधा, मलम लावा. मनगट गरम किंवा जाड लागलं तर मालीश करून पट्टी बांधा. लंगडणाऱ्याला चेकपॉइंटवर (वाटेतल्या ठरलेल्या ठाण्यावर) पशुवैद्यांकडे सोपवा. बदली कुत्रा मिळत नाही आणि शर्यत संपते त्या नोमला किमान 5 कुत्रे दोरावर हवेत, म्हणून लोक टाळाटाळ करतात. पण लंगडणारं कुत्रं अख्ख्या टीमचा वेग पाडतं आणि शेवटी स्लेजमध्ये बसून येतं.

पेंढ्याची_गादी: बूट घालायचे अगदी निघताना. आधी घातले तर कुत्रे चावून काढतात. पट्टीखाली बोट सरकलं पाहिजे. आणि ओले बूट परत नकोत, गोठले की तेच कातडी सोलतात.