शब्दचर्चा : रिले 'लावणे', 'जुळवणे' की 'तपासणे'?

शिल्प निदेशक, रत्नागिरी

आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवतो. ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या संरक्षक रिलेंवर (लाइनमध्ये गडबड झाली की ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडायला लावणारी उपकरणं) मराठीत वीस-पंचवीस पानांची टिपणं लिहायला घेतली आहेत. मुलं लांजा, राजापूर, संगमेश्वरकडची. समज उत्तम, पण इंग्रजी पुस्तक समोर ठेवलं की घाबरतात.

रोहित्र, वाहिनी, उपकेंद्र, जनित्र हे शब्द त्यांच्या तोंडात आहेत, तिथं अडत नाही. अडतं ते रिलेवर काय 'करायचं' हे सांगताना. सेट करणं, ॲडजस्ट करणं, कॅलिब्रेट करणं, टेस्ट करणं या सगळ्याला माझ्या लिखाणात एकच शब्द येतोय, 'तपासणी'. त्यामुळे मुलाला वाटतं हे सगळं एकच काम. ते तसं नाही, आणि घोटाळा झाला तर परिणाम वाईट होतो. जाणकारांनी शब्द सुचवावेत. शासकीय थाटाचे नकोत, कामावर उच्चारता येतील असे हवेत.

निवृत्त, टेस्टिंगचं काम केलेला, चिपळूण

सर, तुमची अडचण खरी आहे. आम्ही पण सगळ्याला 'टेस्टिंग' म्हणायचो. पण हाताखाली नवा मुलगा आला की काम फोडून सांगावं लागायचं, आणि तेव्हा तोंडातून आपोआप वेगवेगळी क्रियापदं यायची. तीच लिहितो.

आधी हिशोब. सीटी (लाइनचा मोठा करंट रिलेसाठी लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) २००/१ ची आहे, प्लग (किती करंटला जागं व्हायचं ते ठरवणारी खुंटी) ५० टक्क्यांवर, म्हणजे लाइनमध्ये १०० अँपिअर झाले की रिलेची हद्द. फॉल्टला, म्हणजे तारा एकमेकींना किंवा जमिनीला टेकल्या तर, १००० अँपिअर येणार असतील तर ते हद्दीच्या दहापट. नेहमीच्या इन्व्हर्स वक्राला (करंट जास्त तितका वेळ कमी) दहापटीवर साधारण ३ सेकंद लागतात, टीएमएस (त्या वेळेला गुणायचा आकडा) ०.१ ठेवला तर ०.३ सेकंद. हे कागदावरचं काम. इथं रिलेला हात लागलेला नाही. याला आम्ही ठरवणं म्हणायचो.

मग ठरलेलं रिलेवर नेऊन बसवायचं. जुन्या चकतीच्या रिलेत प्लग त्या भोकात घालायचा, वरचं टाइम डायल फिरवायचं. हे लावणं. गजर लावतो तसं. 'सेटिंग लाव' हे वाक्य उपकेंद्रात मी हजार वेळा ऐकलं असेल.

तिसरं काम, इंजेक्शन किटनं करंट सोडून बघायचं की लावल्याप्रमाणे वागतोय का. दुप्पट करंटला ०.१ वर १ सेकंद यायला हवा, पाचपटीला ०.४३ च्या आसपास, दहापटीला ०.३. घड्याळ लावून आकडे लिहायचे. हे तपासणं.

आणि आकडे चुकले, चकती जड फिरतेय, स्प्रिंग सैल झालीय, कॉन्टॅक्ट काळे पडलेत, तर साफसफाई करून स्प्रिंग किंवा चुंबक थोडं सरकवून पुन्हा आकड्यावर आणायचं. हे जुळवणं. जुळवल्यावर परत तपासणं आलंच.

खाडीकाठच्या उपकेंद्रात हे चौथं काम फार. खारी हवा पॅनेलच्या आत शिरते. पावसाळ्यानंतर झाकण काढलं की चकतीच्या टोकाला बारीक तांबूस भुकटी दिसायची. घाटावरच्या मंडळींना हे सांगून पटत नसे.

मुलांना एवढंच ठसवा की लावणं आणि जुळवणं वेगळं. आकडा चुकतोय म्हणून प्लग हलवून आकडा आणणारा माणूस मी पाहिलाय. त्यानं रिले जुळवला नाही, ठरलेलं मोडलं.

भाषाशिक्षिका, मालवण

दादा, तुमची चार क्रियापदं वाचून समाधान वाटलं. एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. 'तंबोरा लावणे' आणि 'तंबोरा जुळवणे' दोन्ही आपण म्हणतो, तिथं फरक पुसट झाला आहे. तुमच्या कामात तो स्पष्ट राहिलाय आणि तो तसाच टिकायला हवा.

'रिले' या शब्दाबद्दल थोडं. मूळ फ्रेंचमधून आलेला. शिकारीत वाटेवर ताज्या दमाचे कुत्रे ठेवत, पुढं प्रवासात ताजे घोडे, त्या बदलीला हा शब्द होता. तारायंत्राच्या काळात, १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्री यांनी अशी रचना केली की लांबून आलेला क्षीण प्रवाह स्वतः काम करत नाही, तो फक्त एक चुंबक ओढतो, आणि जवळच्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढचं काम करतो. दमलेल्या घोड्याच्या जागी ताजा घोडा, तसंच हे. आजही सीटीतून येणारा एक-पाच अँपिअरचा प्रवाह ब्रेकर उघडत नाही. रिले फक्त कॉन्टॅक्ट जोडतो आणि उपकेंद्राच्या बॅटरीवर ट्रिप कॉइल चालून ब्रेकर उघडते.

'टप्पा' हा आपला शब्द याच घराण्यातला. वाटेवर जिथं माणूस किंवा घोडा बदलायचा ते ठिकाण. पण म्हणून रिलेला टप्पा म्हणा असं मी सुचवणार नाही, कारण टप्पा एसटीच्या तिकिटात पक्का बसलाय.

संस्कृत वळणाचा शब्द हवाच असेल तर '-इत्र' प्रत्यय आहे. ज्यानं खणायचं ते खनित्र, ज्यानं कापायचं ते लवित्र, ज्यानं होडी वल्हवायची ते अरित्र. जनित्र त्याच वळणावर घडवलं आणि रुजलं. तरी माझं मत असं आहे की यंत्राचं नाव 'रिले' राहू द्यावं. दोन अक्षरं आहेत, मराठी विभक्ती सहज घेतात : रिलेनं, रिलेला, रिलेत. मराठीची शक्ती क्रियापदांवर खर्च करा. समज तिथून येते.

निवृत्त, चिपळूण

ताई, टप्प्याचं तुम्ही सोडून दिलंत, पण तो शब्द आमच्याकडं वापरात आहे. पोफळीच्या वीजघराकडून निघणाऱ्या मोठ्या लाइनींवर डिस्टन्स रिले असतात. ते व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती लांब आहे ते ओळखतात. त्यांचे झोन म्हणजे टप्पेच. पहिला टप्पा लाइनच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत, तिथं वेळ न घेता ट्रिप. दुसरा लाइन ओलांडून १२० टक्के किंवा पुढं, पण तीन ते पाच दशांश सेकंद थांबून. पहिला शंभर टक्के का नाही, तर सीटी, पीटी (सीटीसारखीच, पण व्होल्टेज लहान करणारी), रिले सगळ्यांत थोडी चूक असते आणि पुढच्याच्या हद्दीतला फॉल्ट आपण तोडायचा नसतो.

रिले किती लांबचा फॉल्ट ओळखतो त्या 'रीच'ला पल्ला लिहा. पल्ला वाढला, पल्ला कमी पडला, दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात.

ऑपरेटर, दापोली

मी शेतकऱ्याच्या घरातला, म्हणून माझा शब्द सांगतो. ग्रेडिंग, म्हणजे कोणत्या रिलेनं आधी आणि कोणत्यानं नंतर तोडायचं तो क्रम, समजावताना मी भाताचा दाखला देतो. हळवं, निमगरवं, गरवं. हळवं आधी कापायला येतं, गरवं शेवटी. ११ केव्ही फीडरचा (गावांकडं जाणाऱ्या लाइनचा) रिले हळवा, रोहित्राच्या इनकमरचा (रोहित्राकडून येणाऱ्या जोडणीचा) निमगरवा, त्याच्या मागं ३३ केव्हीचा गरवा. प्रत्येकात ०.३ ते ०.४ सेकंदांचं अंतर. हर्णैच्या फीडरवर झावळ पडली तर हर्णैचाच फीडर जायला हवा. गरवा आधी कापला गेला तर अख्खा तालुका काळोखात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडं पोल, तारा, सगळंच उभं करावं लागलं. लाइनी एकेक करून चार्ज होत होत्या, तेव्हा कुठला फीडर पुन्हा पडला हे समजणं हाच आधार होता. आधी कोणता पडला आणि कोणता उभा राहिला, यावरून माणसं कुठं पाठवायची ते ठरायचं. तेव्हापासून मला ग्रेडिंग हा पुस्तकातला विषय वाटत नाही.

निवृत्त, चिपळूण

हळवा-गरवा फार आवडलं. एक धोका सांगतो. 'हळवा' म्हटलं की थोड्याशा करंटला पण दचकणारा असा दुसरा अर्थ चिकटतो. पण करंट किती झाला म्हणजे जागं व्हायचं ते प्लगवर ठरतं, आणि जागं झाल्यावर किती थांबायचं ते टीएमएसवर. दोन वेगळी बटणं. अर्थ फॉल्टचा रिले थोड्या करंटलाही ऐकतो, तरी वेळेला गरवा असू शकतो.

म्हणून हळवा-गरवा फक्त वेळेला ठेवा. करंटच्या बाबतीत कानाचा तिखट म्हणा.

शिल्प निदेशक, रत्नागिरी

दोन्ही घेतले. आज वर्गात 'कानाचा तिखट पण गरवा' असं म्हटलं तर मागच्या बाकावरच्या मुलानं लगेच प्लग आणि टीएमएस वेगळे सांगितले. याआधी हे समजवायला मला दोन तास लागायचे.

'अर्थ फॉल्ट'चं मात्र काय करू? मुलं वाचताना 'अर्थ' म्हणजे मिनिंग असं वाचतात. भूसंपर्कन दोष लिहिलं तर कामावर कोणी ओळखत नाही.

भाषाशिक्षिका, मालवण

पहिल्यांदा येईल तिथं 'अर्थ फॉल्ट, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरणे' असं लिहा आणि पुढं 'अर्थ फॉल्ट'च ठेवा. 'दोष' मात्र टाळा. दोष म्हटलं की आपण कोणाचा ते शोधतो.

वार्ताहर, देवगड

मला एक विचारायचं आहे. आम्ही बातमीत लिहितो, 'तांत्रिक बिघाडामुळे वीजपुरवठा खंडित'. वरचं वाचून वाटतंय की हे चुकत असावं.

ऑपरेटर, दापोली

भाऊ, बऱ्याचदा चुकतं. फांदी तारेवर आली, रिलेनं ओळखलं, ब्रेकर उघडला, तर बिघाड कसला? सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. 'तारेवर फांदी पडल्याने रिलेने वाहिनी तोडली' असं लिहिलंत तर आमच्यावर उपकार होतील. लोकांना वाटतं लाइट गेली म्हणजे कोणीतरी झोपलं होतं.

उलट बाजूही सांगतो, ती मला आजही सलते. एका गावाच्या सड्यावर मे महिन्यात ११ केव्हीची तार तुटून कातळावर पडली. फीडर ट्रिप झाला नाही. गुराख्याच्या पोरानं धावत येऊन सांगितलं म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, रिले निकामी. टेस्टिंगवाले आले, करंट सोडला, रिले अगदी आकड्यावर चालला. सीटी २००/१, अर्थ फॉल्ट २० टक्क्यांवर, म्हणजे ४० अँपिअरला जागा होणार. सुका जांभा जमिनीत वीज उतरूच देत नाही, त्या तारेतून काही अँपिअरच वाहत असणार. ठरवलेलं बरोबर, लावलेलं बरोबर, तपासलेलं बरोबर, आणि तार जिवंत.

अशा वेळी 'रिले फेल' म्हणू नये. आम्ही म्हणतो रिलेला दिसलं नाही. हा शब्दप्रयोग टिपणांत हवाच. ज्या मुलाच्या डोक्यात 'दिसलं नाही' पक्कं असेल, तो पडलेल्या तारेजवळ 'ट्रिप झाली असेलच' असं धरून जाणार नाही.

शिल्प निदेशक, रत्नागिरी

ही गोष्ट गावाचं नाव न घेता पहिल्याच पानावर घालतो.

आणखी एक शब्द राहिला. रिले चालला की त्याचा फ्लॅग (चालल्याची खूण दाखवणारी पट्टी) पडतो. त्याला 'बावटा' म्हणू का? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे.

भाषाशिक्षिका, मालवण

बंदरावरचा बावटा चढतो आणि धोका पुढं आहे असं सांगतो. तुमचा फ्लॅग पडतो आणि झालेलं सांगतो. उलटं होईल. 'फ्लॅग पडला' बरं आहे, 'पडला'मध्ये मराठी आलीच.

निवृत्त, चिपळूण

सहमत. फक्त लिहा की कोणता फ्लॅग पडला ते वहीत नोंदवल्याशिवाय तो वर करायचा नाही. नव्या न्यूमेरिकल (संगणकी) रिलेत नोंद आत राहते, जुन्यात फ्लॅग वर केला की साक्षीदार गेला.

शेवटी एक महत्त्वाचं, सगळ्यात ठळक अक्षरात छापा. 'शॉर्ट' हा शब्द मुलं कायम वाईट अर्थानं शिकलेली असतात. पण रिले काढायचा असेल तर आधी टेस्ट ब्लॉकवर सीटी शॉर्ट करायची असते, म्हणजे तिची दोन टोकं एकमेकांना जोडायची. लाइन चालू असताना सीटीची सेकंडरी (रिलेकडची बाजू) उघडी राहिली तर तिथं जीवघेणं व्होल्टेज येतं. आणि पीटीला बरोब्बर उलट, ती उघडी चालेल, शॉर्ट कधी नाही. एक मुलगा सीटी शॉर्ट करायला कचरत होता, कारण त्याच्या लेखी शॉर्ट म्हणजे जाळ. म्हणून मी शब्दच बदलला, 'सीटी बांधून घे, मग रिलेला हात लाव'. तेव्हापासून कोणी कचरलं नाही.

शिल्प निदेशक, रत्नागिरी

लिहून घेतलं : 'सीटी बांधल्याशिवाय रिले काढायचा नाही. पीटी कधीही बांधायची नाही.' वर्गाच्या दारावर आजच लावतो.