सेन्सरच्या चिपमध्येच एआय: अभ्यासाची सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा आहे

कातळसडा

नमस्कार. मी रत्नागिरीजवळ पावसला राहतो आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोनीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या आयएमएक्स५०० या इमेज सेन्सरमध्ये पिक्सेलांच्या थराखालीच न्यूरल नेटवर्क (एआयचे मॉडेल) चालवणारा दुसरा थर आहे, हे वाचल्यापासून अशा सेन्सरच्या डिझाइनमध्येच काम करावे असे मनाने घेतले आहे. प्रकल्प म्हणून घरचाच प्रश्न घ्यावा, म्हणजे हापूसच्या पेट्या भरताना साका (गर आतून बिघडण्याचा दोष) असलेली फळे ओळखून बाजूला काढावीत, असा विचार आहे. मला व्हेरिलॉग (डिजिटल सर्किट लिहिण्याची भाषा) आणि पायथन येते, आणि महाविद्यालयात एफपीजीए बोर्ड, म्हणजे हवे ते डिजिटल सर्किट घडवता येणाऱ्या चिपचा बोर्ड, उपलब्ध आहे. सुरुवात मॉडेलपासून करावी की सर्किटपासून, आणि हा प्रकल्प योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मचवा

मी मूळचा मालवणचा असून गेली काही वर्षे सेन्सरच्या डिजिटल भागाचे डिझाइन करतो. माझा सल्ला असा की मॉडेल सर्वांत शेवटी घ्या. त्याआधी पिक्सेलमधला नॉइज (सिग्नलमधला नको असलेला चढउतार) आणि चिपवरची मेमरी या दोन गोष्टी कागदावर मांडून समजून घ्या.

आयएमएक्स५०० ची पूर्ण चौकट (फ्रेम) ४०५६ × ३०४० पिक्सेलांची असते. प्रत्येक पिक्सेल १० बिटांचा धरला तर एका चौकटीला सुमारे १५ मेगाबाइट लागतात, आणि त्या चिपवर मॉडेल व इतर कामासाठी मिळून मेमरी आहे फक्त ८ मेगाबाइट. म्हणजे सगळी चौकट साठवून मग प्रक्रिया करू म्हटले तर ते जमणारच नाही. परंतु सेन्सर प्रतिमा ओळीओळीने वाचतो, आणि एका वेळी ३ × ३ पिक्सेल पाहणाऱ्या फिल्टरला हाताशी मागच्या दोनच ओळी लागतात, ज्या सुमारे १० किलोबाइटमध्ये मावतात. ओळी तात्पुरत्या साठवणाऱ्या या लाइन बफरच्या रचनेवरच पुढचे सगळे डिझाइन उभे राहते. अर्थात नेटवर्कच्या एका थरातून ८ चॅनेल (म्हणजे ८ वेगवेगळ्या फिल्टरांच्या प्रतिमा) बाहेर पडले की ८ बिटांच्या हिशेबाने त्या थराला सुमारे ६५ किलोबाइट लागतात. असे पाच थर एकावर एक ठेवले की सव्वातीनशे किलोबाइट झाले. तेव्हा कुठे प्रतिमा लहान करायची, कुठे चॅनेल कमी करायचे, हा निर्णय डिझाइन करणाऱ्यालाच घ्यावा लागतो, आणि मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग तोच वाटतो.

नॉइजबद्दल एवढे पक्के लक्षात असू द्या की पिक्सेलमध्ये १०० इलेक्ट्रॉन जमले तर प्रकाशाच्या स्वभावामुळेच त्यात सुमारे १० इलेक्ट्रॉनांचा चढउतार असतो, आणि नेटवर्क कितीही हुशार असले तरी जी माहिती पिक्सेलपर्यंत पोहोचलीच नाही ती ते परत आणू शकत नाही, फक्त अंदाजाने भरते. त्यात खालचा, हिशेब करणारा लॉजिक थर तापला की वरच्या पिक्सेलांचा डार्क करंट (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) वाढतो. साधारण दर ६ ते ८ अंशांना तो दुप्पट होतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये कॅमेरा लावणार असाल तर हा हिशेब टाळता येणार नाही.

देवगडची बाग

मी चिपमधला जाणकार नाही, पण आंब्यातला आहे. साका हा गराच्या आतला दोष आहे. बाहेरून फळ अगदी देखणे असते आणि कापल्यावरच पांढरट, आंबूस गर दिसतो. साध्या कॅमेऱ्याने तो सालीवरून ओळखता येईल असे समजून तुम्ही वर्ष घालवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साक्यापासून मुक्त अशी 'रत्ना' ही जात संकरातून दिली, यावरून हा प्रश्न फळाच्या किती आतला आहे हे लक्षात येईल. त्याऐवजी देठाजवळचे चिकाचे डाग, करपा आणि थ्रिप्स या किडीने खरडलेली साल हे दोष घ्या. पेटी भरताना आमची माणसे नजरेने हेच शोधत असतात, आणि दुपारनंतर डोळे थकले की चुका होतात.

मचवा

यांचे म्हणणे पूर्ण मान्य. सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा निकट-अवरक्त प्रकाश दिसतो, पण रंगीत कॅमेऱ्यात तो फिल्टरने अडवलेला असतो. तो वापरून गराच्या आतला साका शोधणे हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे. सालीचे डाग घेतलेत तर फोनने काढलेल्या जेपीईजी फोटोंवर मॉडेल शिकवू नका. फोनने त्यांचे रंग आणि कडा आधीच बदललेल्या असतात, आणि एफपीजीएवरच्या तुमच्या नेटवर्कला सेन्सरचा कच्चा बायर डेटा (प्रक्रिया न केलेला, प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असलेला) मिळणार आहे. आयएमएक्स५०० वरच आधारलेला रास्पबेरी पायचा एआय कॅमेरा सप्टेंबर २०२४ पासून बाजारात आहे. त्यावर तयार चिप कशी वागते ते पाहा, आणि तोच लाइन बफर एफपीजीएवर स्वतः लिहा. नोकरीच्या मुलाखतीत विचारतील ते या दुसऱ्या कामाबद्दल.

कातळसडा

दोघांचेही मनापासून आभार. साका सोडला. या हंगामात घरच्या शेडमध्ये एकाच ठरावीक दिव्याखाली डागाळलेल्या आणि स्वच्छ फळांच्या कच्च्या प्रतिमा जमवतो, आणि तोपर्यंत ३ × ३ चा एकच थर ८ बिटांत व्हेरिलॉगमध्ये लिहून त्याचे उत्तर पायथनच्या उत्तराशी बिट न बिट जुळते का ते तपासतो. दिवा पांढरा एलईडी घ्यावा का?

मचवा

चालेल, पण विजेच्या वारंवारतेनुसार लुकलुकणारा नको. सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे प्रतिमेत आडवे पट्टे येतील आणि मॉडेल त्यांनाच डाग समजेल. डीसी पुरवठ्यावर चालणारा घ्या.