मावळ्यांच्या बुडाला चुंबक टिकत नाही, कोणता गोंद वापरू?

मंडळी, मदत हवी आहे.

सोसायटीत दिवाळीला किल्ला करतो. यंदा मातीऐवजी थर्माकोल आणि प्लास्टरचा राजगड केलाय, म्हणजे पुढच्या वर्षीही वापरता येईल. मावळे थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये काढून घेतलेत, उंची इंचभर. कायमचे चिकटवायचे नाहीत, कारण पद्मावती माचीवरचा पहारा मुलं रोज बदलतात (आणि त्यावरून भांडतात). म्हणून माचीवर पातळ पत्रा बसवून रंगवलाय आणि प्रत्येक मावळ्याच्या बुडाला खळग्यात ५ मिमी व्यासाचं, २ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक बसवलंय.

उचलायला गेलं की मावळा हातात येतो आणि चुंबक पत्र्यावरच राहतं. सध्या नेहमीचा झटपट गोंद वापरतोय, सायनोअ‍ॅक्रिलेट. सुटलेलं चुंबक अगदी चकचकीत असतं, गोंदाचा पापुद्रा मात्र खळग्यात शाबूत. शिवाय कडेने पांढरी झाक येते, ती काळ्या रंगावर फार दिसते.

अ‍ॅरल्डाइट घ्यावं का? पाच मिनिटांचं की रात्रभराचं? एम-सील चालेल? हार्डवेअरवाले काका फेविबॉन्ड म्हणतात. घरात ग्लू गनही आहे. जाणकारांनी सांगावं.

घासकागद:
पापुद्रा खळग्यात राहतोय, म्हणजे गोंदाने रेझिन धरलंय, चुंबक धरलेलं नाही. निओडिमियम गंजतं म्हणून त्यावर निकेलचा गुळगुळीत मुलामा असतो. चुंबकाची चिकटवायची बाजू पॉलिश पेपरवर चमक मरेपर्यंत घासा, पण मुलामा पार काढू नका. मग स्पिरिटने पुसा आणि त्या बाजूला बोट लावू नका. खळग्यातला जुना पापुद्रा खरवडून तळाला सुईने ओरखडे पाडा.

गोंद म्हणाल तर रात्रभराचं अ‍ॅरल्डाइट. झटपट गोंद सरळ ओढ सोसतो, पण कडक आणि ठिसूळ असतो. मुलं मावळा तिरका करून उचलतात, तिथे तो एका कडेने सुटत जातो. पाच मिनिटांचंही चालेल, पण सावकाश आळणारं जास्त पक्कं होतं. पांढरी झाकही येणार नाही. आळेपर्यंत मावळे एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर ओल्या गोंदातून चुंबकं उड्या मारून शेजाऱ्याला जाऊन चिकटतात.

एम-सील एवढ्याशा खळग्यात मावत नाही. फेविबॉन्डमधलं द्रावक उडायला हवं, बंद खळग्यात ते अडकून बसतं. ग्लू गन तर नकोच. साधं निओडिमियम ८० अंशांपुढे तापलं की कायमचं कमजोर होऊ शकतं आणि गनमधला गोंद त्याहून कितीतरी गरम असतो. बाकी, समोर पत्राच आहे, तेव्हा उत्तर-दक्षिण बघायची कटकट नाही.

पत्राठोक:
गोंदाआधी ओढ कमी करा की! इंचभर मावळ्याला ३×१ चं चुंबक पुष्कळ झालं. आहे तेच ठेवायचं तर पत्र्यावर जाड कागद चिकटवून वर रंग द्या. मध्ये थोडं अंतर पडलं तरी ओढ झपाट्याने घटते.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. किल्ल्याभोवती लहान पोरं असणार. सुटलेली दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल. त्यामुळे पुढचे मावळे आणि बुडं वेगवेगळी प्रिंट करा. खळगा बुडाच्या वरच्या बाजूने ठेवा, चुंबक आत टाका आणि वर मावळा चिकटवा. मग चुंबक खाली निसटायला वाटच नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. धाकटी भावंडं सतत किल्ल्याशीच असतात, तेव्हा सगळीच बुडं नव्याने काढतो. चुंबकाखाली तळ किती जाड ठेवू?

पत्राठोक:
अर्धा मिमी. आधी एकच काढून बघा. पकड कमी वाटली तर कागद लावू नका.