इम्प्रेशनिझम चित्रात कळतो, पण कथेत आणि संगीतात तो नेमका कुठे असतो?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला उच्च माध्यमिकमध्ये मराठी शिकवते. यंदा मुलांनी भित्तिपत्रकासाठी ‘कलेतले वाद’ हा विषय घेतलाय. मोनेचं चित्र दाखवलं की इम्प्रेशनिझम त्यांना लगेच पटतो: सुटे फटकारे, धुकं, हलतं पाणी. पण संगीतकार देब्युसी आणि कादंबरीकार जोसेफ कॉनराड यांनाही हाच शिक्का का? एका मुलाने विचारलं, “मॅडम, म्हणजे जे धूसर ते सगळं इम्प्रेशनिस्ट का?” त्याला काय सांगू? आणि मराठीतून दाखवण्यासारखं काही आहे का?

रायबंदरकर:
मॅडम, त्या मुलाला ‘नाही’ म्हणूनच सांगा, आणि ठामपणे सांगा. धूसरपणा हा या वादाचा प्राण नव्हे.

मी पोरांना बाहेर बसवून जलरंग शिकवतो. पणजीच्या चर्चची पांढरी भिंत समोर असते, दुपार कलली की तिच्यावर सावली येते, आणि पोरगा ब्रश सरळ काळ्यात बुडवतो. का, तर सावली काळी असते हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. मी म्हणतो, बाबा, ठाऊक आहे ते बाजूला ठेव, दिसतंय ते काढ. मग हळूहळू दिसू लागतं: उन्हातला चुना पिवळसर, सावलीतला निळसर, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड पोचतो. अशीच भिंत गावात तांबड्या मातीवर असली तर पायथ्याशी गुलाबी झाकही चढते. यात धूसर काय आहे? ही फार काटेकोर नजर आहे.

मोने, पिसारो हेच करत होते. १८७४ च्या एप्रिलात पॅरिसला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत त्यांचं प्रदर्शन भरलं. ल हाव्र बंदरावरच्या मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्राचं नाव धरून लुई लरुआ या टीकाकाराने सगळ्यांचीच टर उडवली, आणि तेच नाव चिकटलं.

माझ्या मते तिन्ही कलांना जोडणारा धागा एकच. गोष्ट आपल्यापर्यंत ज्या क्रमाने पोचते, त्या क्रमाशी इमान राखायचं. आधी रंग, आवाज, हालचाल, नाव मागाहून.

कॉनराडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) घ्या. आफ्रिकेतल्या नदीतून बोट चाललीय. गोष्ट सांगणाऱ्या मार्लोला काड्या उडताना दिसतात, बारीक बारीक, नाकासमोरून सपसप जाणाऱ्या, मागे आपटणाऱ्या. काही ओळींनंतर त्याला उमगतं: अरे, हे बाण आहेत! दुसरा कुणी ‘किनाऱ्यावरून बाणांचा वर्षाव झाला’ असं लिहून मोकळा झाला असता. इथे वाचकही क्षणभर काड्याच पाहतो. इयन वॉट या समीक्षकाने या पद्धतीवर फार चांगलं लिहिलंय.

संगीताबद्दल जाणकारांनी सांगावं.

मडगावची व्हायोलिन:
रायबंदरकर, तुमचं सूत्र आवडलं, पण देब्युसीला त्यात बसवताना जपून. त्याला स्वतःला हा शिक्का मुळीच रुचत नसे. १८८७ मध्ये फ्रान्सच्या कला अकादमीने त्याच्या एका रचनेवर शेरा मारताना हा शब्द दोष म्हणूनच वापरला होता. आणि ‘फॉन’ या अर्ध्या बोकडाच्या वनदेवावरचं त्याचं प्रील्यूड, म्हणजे छोटी वाद्यवृंदरचना (१८९४), कुठल्या चित्रावरून नाही, मालार्मेच्या कवितेवरून सुचलंय. त्याची ऊठबस प्रतीकवादी, म्हणजे थेट न सांगता सुचवणाऱ्या, कवींत जास्त.

तरी मुलांना तेच ऐकवा. सुरुवातीला एकटी बासरी; सूर घरंगळत खाली येतात, तसेच वर जातात. पुढे तीच धून पुन्हा पुन्हा येते, पण तिच्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत राहतात. पाश्चात्त्य संगीताच्या जुन्या व्याकरणात कॉर्ड पुढच्या कॉर्डची ओढ लावतो, ताण वाढतो, मग सुटतो. इथे बरेचदा ती ओढच नसते. कॉर्ड कुठे नेतोय हे न विचारता तो कसा वाजतोय ते ऐकायचं, एखाद्या रंगाकडे पाहावं तसं. त्याच सुमारास, १८९२ ते ९४, मोने रुआँच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग पुन्हा पुन्हा रंगवत होता: दगड तोच, ऊन वेगळं. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवलं तर वर्गाला समजावून सांगायला फारसं उरणार नाही.

राग वेळेशी बांधलेले असतात, म्हणून सांजवेळचा मारवा इम्प्रेशनिस्ट, असं कधी कधी ऐकू येतं. मला ते पटत नाही. रागाचं चलन, म्हणजे सुरांची चाल, ठरलेलं असतं. देब्युसी चलनच सैल करतो.

डिचोलीकर:
मराठीतून बालकवींचा ‘औदुंबर’ घ्या, मॅडम. आठच ओळी. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. डोळ्यांपुढे आधी रंग येतात, आणि झाडाचं नाव येतं ते थेट शेवटच्या शब्दात! कॉनराडच्या बाणांसारखंच नाही का हे? बालकवी १९१८ साली गेले, काळही फार दूरचा नाही.

रायबंदरकर:
डिचोलीकर, वा! हे वर्गात घ्यायलाच हवं. शेवटच्या दोन ओळींपाशी मात्र मी थांबेन. लाटांवर पसरलेला काळिमा डोळ्यांना दिसतो, पण तो ‘गोड’ आहे हे डोळे सांगत नाहीत. आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड म्हणजे तर जवळजवळ माणूसच झालं. तिथे कवी पाहणं सोडून दुसरंच काही सांगू लागतो, आणि कविता मोठी होते ती तिथेच. म्हणून पूर्ण कवितेला इम्प्रेशनिस्ट म्हणायला माझा हात धजत नाही. पहिल्या सहा ओळींना खुशाल म्हणा. नेमकी कुठल्या शब्दावर वाट बदलते, ते मुलांनाच शोधू द्या. त्यांचं एकमत होणार नाही, आणि तो वाद भित्तिपत्रकात जसाच्या तसा छापा.

मॅडम, मुलांना पणजीला आणणार असाल तर फोंतेन्यातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे. ते इम्प्रेशनिस्ट नव्हेत, शिस्तीच्या अकादमिक वळणाचे. म्हणूनच मोनेच्या चित्राशेजारी त्यांचं एखादं व्यक्तिचित्र ठेवलं की फरक ठळक दिसेल. आधी फोन करून वेळ ठरवा.