मदत हवी आहे: रिंग्जवरील क्रॉस, आखूड पट्टे आणि दुखणारे कोपर

नमस्कार मंडळी,

मी वडोदऱ्यात रावपुऱ्यात राहतो. वय 31, वजन 64 किलो. शाळेत असताना दांडिया बाजारातील एका व्यायामशाळेत सात वर्षे पुरलेला मल्लखांब केला असल्यामुळे हातांत जोर आहे असा माझा समज होता. दीड वर्षापूर्वी गच्चीवरील शेडच्या गर्डरला जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी रिंग्ज टांगल्या आणि तो समज आठवड्याभरातच उतरला. मल्लखांबावर पायांची अढी बराच भार वाहते आणि खांब जागचा हलत नाही. रिंग्जवर पाय नुसते लोंबतात आणि हातांखालचा आधारच बाजूला पळतो.

सध्या रिंग्ज बाहेर वळवून सपोर्ट (हात सरळ खाली ठेवून रिंग्जवर शरीर तोलणे) 40 सेकंद आणि एल-सिट (त्याच स्थितीत पाय सरळ पुढे आडवे धरणे) 20 सेकंद स्थिर राहते. क्रॉस (दोन्ही हात सरळ बाजूंना आडवे पसरून रिंग्जवर शरीर तोलणे) मात्र रबरी पट्ट्याच्या मदतीनेच जमतो, आणि स्पर्धेत तो ग्राह्य धरण्यासाठी जे 2 सेकंद थांबावे लागते, तेवढ्यातही माझी कोपरे किंचित वाकतात.

माझी मुख्य शंका रिंग्ज ज्यांना टांगलेल्या असतात त्या पट्ट्यांच्या लांबीविषयी आहे. स्पर्धेत रिंग्ज जमिनीपासून 5.8 मीटर उंचीवर टांगून 2.8 मीटरवर आणलेल्या असतात, म्हणजे वर 3 मीटर मोकळे असतात. माझ्याकडे जेमतेम दीड मीटर आहे. हात पूर्ण पसरले की माझा प्रत्येक तळवा टांगणीच्या बिंदूपासून सुमारे 53 सेंटिमीटर बाहेर जातो. त्या हिशेबाने तीन मीटरचा पट्टा उभ्या रेषेपासून 10 अंश कलतो, तर माझा 20 अंशांहून अधिक, आणि तळव्याला आत ओढणारा जोर दुपटीच्या आसपास जातो. हात अगदी आडवे असताना ही ओढ सरळ खांद्याच्या रेषेत जात असल्याने फरक पडू नये. परंतु तळवे खांद्यांच्या खाली असताना तीच ओढ हात मिटवायला मदत करते, आणि खांदे तळव्यांच्या खाली घसरले की उलटते, असे माझे गणित सांगते. मग गच्चीवर जमलेला क्रॉस खऱ्या साधनावर टिकेल का, की मी स्वतःची फसवणूक करून घेत आहे?

दुसरे म्हणजे, तीन आठवड्यांपासून उजव्या कोपराच्या आतील बाजूस दुखते. सराव करताना काही जाणवत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बादली उचलताना कळ येते. सरळ हाताच्या ताणाशी जुळवून घ्यायला कंडरांना (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांना) स्नायूंपेक्षा जास्त काळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून रबरी पट्ट्याने क्रॉसचा सराव थांबवला आहे. ('ते लटकणेच बंद कर' हा सल्ला आईकडून रोज मिळतो, तो कृपया पुन्हा देऊ नये.) त्याऐवजी रिंग तळहातात न धरता कोपराजवळ अग्रबाहूवर अडकवून सराव केला, तर तरफ आखूड होऊन कोपराचा भार बहुतांशी टळतो. ज्यांनी असे केले आहे त्यांनी रिंग कोपराकडून मनगटाकडे किती आठवड्यांत सरकवली, आणि त्या काळात दुखणे पूर्ण थांबण्याची वाट पाहिली की थोडे दुखत असतानाच सुरुवात केली, हे कृपया सांगावे.