बीएमआय 24.8 : नॉर्मल की जास्त? (इंदूर)

रामबाग_इंदूर: नमस्कार. स्त्री, वय 44, उंची 5 फूट 4 इंच, वजन 68 किलो. राजवाड्याजवळच्या वजनयंत्राच्या चिठ्ठीवर बीएमआय 24.8 आणि 'सामान्य' छापून आलं. ऑफिसच्या तपासणीत त्याच आकड्यापुढे 'वजन जास्त' लिहिलंय. काय धरायचं? आईचाही काढायचाय, वय 72, पाठीला बाक आहे.

मोजपट्टी: आधी आकडाच तपासा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 64 इंच गुणिले 2.54 म्हणजे 162.6 सेंमी, 1.626 मीटर. त्याचा वर्ग 2.644. 68 भागिले 2.644 म्हणजे 25.7. चपलेची 3 सेंमी टाच उंचीत धरली गेली, तर 1.656 मीटर होतात आणि उत्तर नेमकं 24.8 येतं. उंचीचा वर्ग होतो, म्हणून एवढ्याशा चुकीने जवळजवळ एक अंक जातो.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे 5 फूट 10 इंच हे 5.10 फूट म्हणून भरणं. त्यात माणूस 22 सेंमी बुटका होतो आणि बीएमआय भलताच फुगतो.

उंची घरीच घ्या. अनवाणी, अंबाडा सोडून, टाचा नि पाठ भिंतीला टेकवून. भिंतीला खालून पट्टी नसावी, नाहीतर टाच पुढे येते. नजर समोर, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावर हाताऐवजी खोका ठेवा, एक बाजू भिंतीला घट्ट चिकटवून. तिरका झाला की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हमखास चुकतात. पेन्सिलने खूण करून लोखंडी टेपने मोजा, शिंप्याची जुनी टेप ताणलेली असते. वजनकाटा सतरंजीवर नको, सपाट फरशीवर. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पोहे-जिलबीच्या आधी.

छावणी_इंदूर: पट्ट्या दोन आहेत, म्हणून शेरे दोन. जागतिक पट्टीत 18.5 ते 24.9 सामान्य. पण तेवढ्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या अंगात चरबी जास्त असते, तीही पोटावर, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून 2009 च्या भारतीय शिफारशींत 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा. आपण हीच पट्टी धरावी. तुमचा खरा आकडा 25.7, म्हणजे त्या चिठ्ठीतलं 'सामान्य' सोडून द्या. कंबर मोजलीत का? शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. बायकांची 80 सेंमीच्या आत हवी, पुरुषांची 90 च्या.

रामबाग_इंदूर: 86 आली.

छावणी_इंदूर: मग उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी एकदा करून घ्याच. 22.9 वर यायला वजन साठ-साडेसाठ लागेल, पण तिथवर एकदम उडी नको. पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो, उतरलं तरी साखर नि बीपीला फरक पडतो.

व्यायामाने स्नायू कमावलेल्यांचा, गरोदर बायकांचा आणि 18 च्या आतल्या मुलांचा निकाल या पट्टीने लावू नका.

मोजपट्टी: आईंची उभी उंची घेऊ नका. बाकामुळे ती कमी भरते नि बीएमआय उगाच वाढतो. हात आडवा, खांद्याच्या रेषेत सरळ धरायला सांगा. गळ्याखालच्या खाचेपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या मधल्या बेचक्यापर्यंत सेंमीत मोजा. बायकांसाठी गुणिले 1.35, अधिक 60.1, पुरुषांसाठी गुणिले 1.40, अधिक 57.8. 70 सेंमी भरले तर आईंची उंची 154.6. पावलांना सूज असेल तर काट्यावर पाणीही तोललं जातं, आधी ती डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांचा आकडा छान 22 आला, पण गेल्या सहा महिन्यांत काही न करता तीन-चार किलो उतरले असतील, तर समाधान मानू नका, तपासून घ्या.