छोटी गाडी, ट्रॅक आणि 'त्यापेक्षा ताम्हिणी बरा'

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

परवा 'घाटमाथा' यांनी येथे लिहिले की, ऐंशी-ब्याऐंशी अश्वशक्तीची स्विफ्ट घेऊन कोइमतूर किंवा चेन्नईच्या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकवर जाणे म्हणजे घोड्यांच्या शर्यतीत शेळी उतरवणे होय. ज्याला गाडी चालवायला शिकायचे आहे त्याने रविवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणी गाठावा, रस्ता मोकळा असतो आणि वर फुकट असतो. त्याखाली सहमतीची जी रांग लागली ती पाहून राहवले नाही.

मी गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची स्विफ्ट कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेली. हा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे आणि छोट्या गाडीला तो मानवतो, कारण सरळ पट्ट्यावर आपण कोणालाही गाठू शकत नाही, पण वळणावर आपली चूक अशा वेगात होते की ती का झाली हे कळायला उसंत मिळते. पुढचे टायर किंचाळू लागले की नवशिका स्टिअरिंग आणखी वळवतो. मीही वळवले आणि गाडी होती तशीच बाहेर घसरत राहिली. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने माझ्या मनगटावर बोट ठेवून एवढेच सांगितले की, वळवू नका, सोडा. स्टिअरिंग थोडे सैल केले तसे टायरने पुन्हा रस्ता धरला. वीस वर्षे गाडी चालवून हे मला ठाऊक नव्हते.

दुसरा धडा ब्रेकचा. दुसऱ्या सत्रातल्या पाचव्या फेरीत पेडल अचानक स्पंजासारखे मऊ होऊन जवळजवळ तळाला गेले. मी दोनदा पंप केले, गाडी कशीबशी सावरली आणि एक फेरी संथ मारून आत आलो. दोष सर्वस्वी माझा होता. ब्रेक ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते. ताशी ७० वरून पूर्ण थांबताना ब्रेकमध्ये जितकी उष्णता तयार होते, त्याच्या तिप्पट ताशी १४० वरून ७० वर येताना होते. नवे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेले १४० च्या आसपासही उकळू शकते, आणि उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. ट्रॅकवर याची किंमत एक सत्र होती. ताम्हिणीत त्याच क्षणी समोरून माणगावची एसटी आली असती तर?

घाटमाथा

आपले प्रवचन पूर्ण वाचले. मी अठरा वर्षे ताम्हिणीत जातो आणि गाडीला ओरखडा नाही. आपण जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर गेलात, दोन रात्री लॉजमध्ये काढल्यात, पेट्रोल आणि टायर जाळलेत, आणि हाती काय आले तर वीस-वीस मिनिटांची चार सत्रे आणि 'स्टिअरिंग सोडा' हा मंत्र. तो मी फुकट दिला असता.

शिवाय एक गोष्ट आपण शिताफीने टाळलीत. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर विमा मिळत नाही, घाटात मिळतो. नोकरदार माणसाने याचा विचार करायचा की नाही?

नाना_पिंपरी

विम्याचे एवढे काय घेऊन बसलात? गाडी टोचन लावून हायवेपर्यंत आणायची आणि कुत्रे आडवे आले म्हणून सांगायचे. माझ्या मित्राने असे केले आहे आणि त्याला पूर्ण रक्कम मिळाली आहे. आपण वर्षानुवर्षे हप्ते भरतो तेव्हा कंपनीला लाज वाटत नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

सहसा मी येथे लिहीत नाही, परंतु वरील सल्ला वाचून राहवले नाही. नाना, आपण ज्याला युक्ती म्हणता त्याला फसवणूक म्हणतात. पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत शर्यत व वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. 'ही शर्यत नव्हती, सराव होता' हा बचाव मी विम्याच्या दाव्यांची तपासणी करताना सव्वीस वर्षांत पुष्कळदा ऐकला.

आणि आम्ही काही आंधळे नसतो. अशीच एक हॅचबॅक माझ्यापुढे आली होती. मालकाचे म्हणणे होते की, गाडी रात्री साताऱ्याजवळ दुभाजकाला धडकली. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड किसणीवर घासल्यासारखी झाली होती, बंपरच्या जाळीत ट्रॅकच्या कडेला पसरतात तशी एकाच आकाराची स्वच्छ खडी होती, आणि दारावर चिकटपट्टीने लावलेला आकडा काढल्याची चौकोनी खूण धुळीत उमटलेली होती. मी फक्त विचारले, "आपला नंबर सतरा होता का?" त्यांनी दावा मागे घेतला.

नाना_पिंपरी

म्हणजे आपण त्या माणसाचे नुकसान केलेत आणि येथे फुशारकी मारता! माझ्या स्वतःच्या गाडीत पावसाचे पाणी शिरले, तेव्हा अशाच एका साहेबांनी 'पाण्यात स्टार्टर मारला, ही आपली चूक' म्हणून इंजिनाचा खर्च नाकारला होता. प्रामाणिकपणे खरे सांगितले म्हणून मार खाल्ला. तेव्हापासून मी खरे सांगणे सोडले.

निवृत्त_सर्व्हेअर

आपल्यावर अन्याय झाला असेल. पुष्कळांवर होतो, हे मी नाकारत नाही. इंजिनाचे वेगळे संरक्षण न घेतल्यास तो खर्च बहुधा मिळत नाही, हे पॉलिसी विकताना कोणी समजावून सांगत नाही, हा दोष आमच्याच धंद्याचा आहे. पण म्हणून खोटा दावा करण्याचा सल्ला पंचविशीतल्या पोरांना जाहीरपणे देऊ नये. पकडला गेला तर भरपाई तर जातेच, वर फौजदारी मागे लागू शकते.

मीनल_डोंबिवली

विम्याचा तास संपला असल्यास मूळ विषयावर येते. मी वॅगनआर घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेले आहे. पुण्याहून बंगळूरमार्गे जाणारा आपला ४८ क्रमांकाचा महामार्ग पार तिथवर नेतो. उंच गाडी वळणात जहाजासारखी कलते आणि सगळे हसतात. हसू द्यावे. त्याआधी गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल डॉट ४ घाला म्हटले, तर मेकॅनिकने मला सांगितले की, "मॅडम, साहेबांना फोनवर द्या." साहेब माझ्या घरी भाजी निवडत होते, त्यांना त्यातले ओ की ठो कळत नाही.

धागाकर्त्यांनी तयारीबद्दल फारच कमी लिहिले आहे. स्टेपनी, जॅक, पायाखालची चटई, पाण्याच्या बाटल्या, सगळे बाहेर काढावे. ब्रेकखाली घरंगळलेली बाटली तेलाइतकीच घातक असते. टायर तापले की हवेचा दाब चार-पाच पौंडांनी सहज वाढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मोजावा. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. आणि विमा नाही हे गृहीत धरून, जी गाडी मोडली तर आपण उपाशी मरणार नाही तीच न्यावी. कर्जाचे हप्ते चालू असलेली नेऊ नये.

रंकाळा

एवढे लांब जाण्याआधी आमच्या कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर कार्टिंग करून पाहावे. पार्श्वभाग जमिनीपासून चार बोटांवर असला की वळणातून गाडी न्यायची रेष कशी धरायची हे स्विफ्टपेक्षा लवकर कळते. आणि आता मावळात नानोलीलाही ट्रॅक झालेला असताना पुणेकरांनी अंतराचे रडगाणे गाऊ नये. बाकी पुणेकरांना ते गायचेच असेल तर आमची हरकत नाही.

घाटमाथा

नानोलीचे ठाऊक होते, तरीही माझे मत बदललेले नाही. मात्र 'ओरखडा नाही' या माझ्या वाक्यावर काल रात्री घरात चर्चा झाली. सौभाग्यवतींनी २०१९ सालच्या एका बैलगाडीची आठवण करून दिली, जी मला वळणापलीकडे दिसली नव्हती आणि जिच्यापासून मी हातभर अंतरावर थांबलो होतो. ओरखडा आला नाही हे खरे. त्यात माझ्या कौशल्याचा वाटा किती, हे त्या बैलांनाच विचारावे लागेल.

आज सकाळी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबाही पाहिला. रंग टपरीवरच्या उकळलेल्या चहासारखा आहे. ते मी बदलणार आहे, परंतु याचा अर्थ मी ट्रॅकवर येणार असा धागाकर्त्यांनी कृपया काढू नये.

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

काढत नाही. फक्त सीलबंद बाटलीच घ्या. गॅरेजवाल्याच्या फळीवर महिनोन्महिने अर्धवट उघडा पडलेला डबा आपल्या दमट हवेत ओलावा पिऊन बसलेला असतो. आणि चारही चाकांचे ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतले जुने ऑइल आणि हवा बाहेर काढणे, तो आपल्यासमोर करतो की नाही, हे उभे राहून पाहा.